पगार ३४ हजार, मग रात्रीच्या कामाचा रेट किती सांगायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नागपूरचाच, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत ग्राफिक डिझायनर, हातात ३४ हजार, सुट्टी फक्त रविवार. इतवारीतल्या एका नमकीनवाल्याने त्याला लोगो आणि सहा फ्लेवरचे पाऊच डिझाइन करून मागितले. त्याने बसून हिशोब केला, ३४ हजार भागिले २६ दिवस भागिले ९ तास, म्हणजे तासाचे १४५ रुपये, काम साधारण ३६ तासांचं, म्हणजे झाले ५,२२०. आणि मग विचारतो, "ताई, ५ सांगू की ६? जास्त सांगितलं तर हातचं जाईल ना?"

अरे बाबा, ५ पण नाही अन् ६ पण नाही. सांगते काऊन ते, पण जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी १५ वर्षं नोकरी करून राहिले आणि त्यातली ११ वर्षं सोबत हेच काम, पाऊच, लेबल, मिठाईचे डब्बे, मधाच्या बाटल्या. पहिला लोगो ५०० रुपयांत केला होता, वर पार्टीने संत्रा बर्फीचा एक डब्बा दिला आणि मला वाटलं काय भारी क्लायंट मिळाला. त्या लोगोवर मी चार रविवार घालवले होते. त्यामुळे तुझ्या १४५ वर मी हसणार नाही, मी त्याच्याही खाली होते.

पण तो १४५ चा आकडा आहे काय ते आधी बघ. कंपनी तुला खुर्ची देते, लॅपटॉप देते, सॉफ्टवेअरचे पैसे भरते, मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी देते, पीएफमध्ये तिचा वाटा टाकते, तू तापाने घरी पडला तरी दिवसाचे पैसे देते, काम आणून तुझ्या टेबलावर ठेवते आणि क्लायंटने पैसे बुडवले तरी तुझा पगार १ तारखेला येतो. हे सगळं दिल्यावर वरून जे उरतं ते १४५. रात्री घरी बसून काम करताना यातलं एकही कोणी देत नाही, ते सगळं तुझ्याच खिशातून जातं. म्हणजे दिवसाचा पगार भागून रात्रीचा रेट काढणं हा हिशोबच चुकीच्या टोकाने सुरू होतो.

उलटीकडून करून बघू. तुझ्याकडे आठवड्याचे तास किती? तू म्हणशील रोज रात्री साडेआठ ते अकरा. नाही रे, माझं ऐक, आयटी पार्कातून घरी येऊन जेवून, आईशी दोन शब्द बोलून, सहा दिवसांतले तीन दिवस धड काम होतं, दोन दिवस डोळ्यांवर झोप आणि एक दिवस कोणाचं तरी लग्न. आठवड्याचे ८ तास धर, रविवारचे ४ धर, १२ झाले, महिन्याचे ४८. आता यात क्लायंटचे फोन, व्हॉट्सअॅपवरचे तीन-तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज ऐकणं, कोटेशन बनवणं, जे काम मिळालंच नाही त्यासाठी गेलेला वेळ, प्रिंटरकडे चक्कर आणि पैशांसाठी पाठपुरावा, हे सगळं बिनपैशाचं. माझा अनुभव सांगते, ४८ मधले २८ तास असे निघतात ज्याचं बिल लावता येतं. बाकी हवेत.

खर्च धर. सॉफ्टवेअर, फॉन्टची लायसन्स, नेट, हार्ड डिस्क, लॅपटॉप चार वर्षांत मरतो त्याचा घसारा, डमी प्रिंट, पेट्रोल, महिन्याला साडेपाच हजार धरायला हरकत नाही. आणि मग खरा प्रश्न, या महिन्याच्या ४८ तासांच्या बदल्यात तुला हातात किती आले म्हणजे ते जागरण वसूल झालं असं वाटेल? हा आकडा मी नाही सांगू शकत. मी माझ्या वेळी स्वतःला विचारलं होतं की कितीच्या खाली असेल तर मी सरळ झोपून घेणं पसंत करीन, आणि तोच आकडा धरला. समज तुझा २० हजार. मग २० अधिक साडेपाच, साडेपंचवीस हजार, भागिले २८, झाले ९१०. वर एखादं पेमेंट बुडतं, एखादा महिना कोरडा जातो, म्हणून गोल १,००० धर. कुठे १४५ आणि कुठे हजार.

इथे तुझ्या पोटात गोळा आला असेल, की हजार कोण देणार.

थांब. त्याआधी अजून एक गोष्ट, आणि मला खरं म्हणजे हीच सांगायची आहे. इतवारीतला शेटजी तुला कधी ना कधी म्हणणारच, "आपकी तो नौकरी है ना भैया, ये तो ऊपर का है." आणि तुलाही मनातून तसंच वाटतं, म्हणून तर तू ५ हजारावर आलास. घरभाडं पगारातून जातं, किराणा पगारातून जातो, मग हे जे काही आलं ते वरचंच की. यात खड्डा असा आहे की तुझा पगार त्या नमकीनवाल्याला सबसिडी देऊन राहिला. तुझी कंपनी तुला जेवू घालते म्हणून त्याला स्वस्तात पाऊच मिळतो. पूर्णवेळ फ्रीलान्स करणारा पोरगा तुझ्या रेटला काम करूच शकत नाही, त्याचं घर त्याच्यावर चालतं, म्हणजे तू त्याच्याही पोटावर पाय देतोस आणि स्वतःची झोपही घालवतोस, फायदा कोणाचा तर तिसऱ्याचाच. पगाराचा उपयोग नेमका उलटा करायचा असतो. पगार आहे म्हणून तुला नाही म्हणता येतं. हे काम गेलं तर १ तारखेला चूल बंद पडत नाही, ही ताकद पूर्णवेळवाल्याकडे नसते, ती तुझ्याकडे आहे आणि तू तीच डिस्काउंटमध्ये वाटायला निघालास.

आणि तुझ्याकडे पैसे कमी नाहीत, तास कमी आहेत. महिन्याला २८ तास. हा ३६ तासांचा जॉब घेतला की सव्वा महिना दुसरं काहीच नाही. म्हणून नोकरीवाल्याने कामं कमी आणि नीट पैशांचीच घ्यावीत, दहा जणांना हो म्हणून सगळ्यांना उशीर करण्यापेक्षा.

आता हजारचा रेट क्लायंटला सांगायचा का? मुळीच नाही. तासाचा रेट हा आपल्या वहीत ठेवायचा, क्लायंटला कामाचा आकडा सांगायचा. तासाचे हजार ऐकले की शेटजी लगेच विचार करतो की माझ्या दुकानातल्या पोराला दिवसाचे ५०० देतो अन् हा तासाचे हजार मागून राहिला. शिवाय तासावर लावलं तर तू जितका हुशार होशील तितके पैसे कमी, आज जे १४ तासांत होतं ते दोन वर्षांनी तू ८ तासांत करशील, त्याची शिक्षा तुला का?

तर तुझ्या कामाचे तुकडे पाड. मुख्य पाऊच, म्हणजे पुढची-मागची बाजू, साईड, सगळी मांडणी, समज १४ तास. यावर मी चौथाई अंदाज चुकण्याचा धरते, कारण अंदाज नेहमी चुकतो आणि नेहमी एकाच बाजूला चुकतो, तर १७,५००. उरलेले पाच फ्लेवर, रंग बदल, फोटो बदल, घटक पदार्थांची यादी बदल, प्रत्येकी दोन तास, त्यात तपासणी धरून अडीच हजार, असे १२,५००. लोगो १२ तास, त्यात पण अंदाज चुकतोच, १५ हजार. एकूण ४५ हजार. तू ५,२२० म्हणत होतास.

खूप वाटतंय ना? मग मिरचीची गोष्ट ऐक.

२०१६-१७ च्या सुमारास एका मसालेवाल्याचा मिरची पावडरचा पाऊच केला, ४ हजारात, कारण तेव्हा मी पण तुझ्यासारखाच भागाकार करत होते. सहा रंगांचा पाऊच होता, रोटोवर छापायचा. रोटोचं कसं असतं, प्रत्येक रंगाचा एक वेगळा सिलेंडर खोदतात, स्टीलच्या रोलवर तांब्याचा थर, त्यावर बारीक खड्डे, वरून क्रोम. एकदा खोदला की खोदला, त्यात अक्षर बदलता येत नाही. शेटजीने एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, लायसन्स नंबर व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवला होता. तो नंबर १४ आकडी असतो. मी कॉपी करण्याऐवजी बघून टाईप केला, रात्री पावणेबारा वाजता, आणि दोन आकडे उलटे झाले. त्याने प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघून "ओके है" म्हटलं, फोनवर, लेखी नाही. सिलेंडर खोदून झाले, पहिला रोल छापून निघाला आणि त्याच्या मुलाच्या लक्षात आलं.

नशीब एवढंच की तो मजकूर सगळा काळ्यात होता, म्हणजे काळ्याचा एकच सिलेंडर नवीन करावा लागला, नाहीतर सहाच्या सहा गेले असते. त्या एकाचे ५,२०० झाले. वाया गेलेला रोल त्याने सोडून दिला, सिलेंडरचे मात्र माझ्याकडून घेतले, आणि खरं सांगते, चूक माझी होती, त्याला मी दोष देत नाही. ४ हजार कमावले, ५,२०० भरले, वर कळमेश्वरच्या बाजूला त्या छापखान्यात जायला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, म्हणजे तू १,२०० रुपये देऊन त्याला पाऊच करून दिलास.

त्या दिवसापासून मला समजलं की पाऊचचे पैसे हे रंग आणि फॉन्टचे नसतात. एमआरपी सर्व करांसहित, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीसाठीचा नंबर, हिरवा ठिपका, पोषणमूल्यांचा तक्ता, हे सगळं बरोबर लागतं, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांत तर अक्षराची उंची किती मिलिमीटर पाहिजे तेसुद्धा लिहिलेलं आहे. यातली एक चूक पार्टीला लाखाचा माल परत घ्यायला लावू शकते. क्लायंट तुला पैसे देतो ते या जोखमीची काळजी घेण्याचे. जिथे तुझ्या चुकीने समोरच्याचं मोठं नुकसान होऊ शकतं तिथे रेट जास्तच लागणार, आणि जिथे होऊ शकत नाही, दिवाळीचा शुभेच्छा बॅनर, इन्स्टाची पोस्ट, तिथे कमी चालतो. मी बॅनर आणि पाऊच दोन्हींना एकच तासाचा रेट कधीच लावत नाही.

आणि हो, आता मी प्रूफवर ईमेलने "मजकूर वाचला, मंजूर" असं आल्याशिवाय फायनल फाईल देत नाही. एफएसएसएआय नंबर, बारकोड, वजन, एमआरपी, पत्ता हे पाच मुद्दे वेगळे लिहून पाठवते आणि प्रत्येकापुढे त्याच्याकडून हो लिहून घेते. तेही कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं, नंतर नाही.

कोटेशनमध्ये अजून काय लिहायचं? बदल किती वेळा, ते. दोन फेऱ्या मोफत, तिसरीपासून प्रत्येकी अमुक. आणि "फेरी" म्हणजे काय तेही लिही, एकत्र करून एकदा दिलेली यादी, नाहीतर सोमवारी एक मेसेज, मंगळवारी एक, बुधवारी "भाभी को लाल अच्छा नहीं लगा", आणि तो म्हणणार अजून पहिलीच फेरी चालू आहे. ओपन फाईल हा दुसरा विषय. नागपुरात निम्मे प्रिंटर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात आणि क्लायंटला सांगतात की "कोरल फाईल मांगो". फायनल पीडीएफ देणं वेगळं आणि बदल करता येईल अशी फाईल देणं वेगळं, दुसऱ्याचे पैसे वेगळे लाव, मी डिझाइनच्या रकमेचा चौथा भाग लावते. हक्कांचं पण लक्षात ठेव, कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क द्यायचे तर ते सहीनिशी लेखी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतेच धरले जातात. बिचाऱ्या शेटजीला हे माहीतच नसतं. मी पूर्ण पैसे आल्यावर लोगोचे सगळे हक्क कायमचे दिले असं एक पान सही करून देते, त्याला बरं वाटतं आणि १५ हजार का लावले ते पण समजतं.

आता तो म्हणणार, "गांधीबाग में तो प्रिंटिंग के साथ डिझाइन फ्री देते." खरंय, देतात. त्याच्याशी भांडू नको. ते डिझाइनचे पैसे छपाईत काढतात आणि त्यांचं चुकीचं काही नाही. ज्याला ते पुरतं तो तुझा क्लायंट नाही, त्याला मनापासून तिकडेच पाठव. मी तर दोन प्रिंटरचे नंबर देते. त्यातले काही वर्षभराने परत येतात, कारण माल मॉलमध्ये ठेवायला गेले आणि तिथल्या माणसाने पाकीट बघून तोंड वाकडं केलं. बाकीचे येत नाहीत, ठीक आहे.

भाव करायला बसला तर एक नियम, आकडा कमी करायचा असेल तर काम कमी कर, नुसता आकडा कमी करायचा नाही. ४५ जमत नाहीत? लोगो सोडा, दुकानाच्या पाटीवरची जी अक्षरं ३० वर्षांपासून आहेत तीच नीट काढून घेऊ, आणि आत्ता सहा ऐवजी दोन फ्लेवर करू, साडेसतरा आणि अडीच, झाले २० हजार. हे चालतं. पण तेच सगळं काम ४५ चं ३० मध्ये केलंस तर त्याला पहिला प्रश्न हाच पडेल की आधी १५ जास्त का सांगितले होते, आणि पुढच्या वेळी तो ३० पासून खाली सुरू करेल.

पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांचं वेगळंच असतं. तिकडचा एक माणूस मला फोनवर म्हणाला, "नागपूरचा रेट सांगा ना." भाऊ, लॅपटॉपची किंमत परसोडीत आणि पवईत एकच आहे, सॉफ्टवेअरचं बिल पण तेच येतं. घरभाडं कमी आहे हे कबूल, पण तो माझा फायदा आहे, तुझा कशाला?

नोकरीकडे येऊ, कारण इथे पोट्टे फसतात. तुझं अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, आज रात्रीच. बहुतेकांच्या लेटरमध्ये लिहिलेलं असतं की परवानगीशिवाय दुसरं काम करणार नाही. विप्रोने २०२२ साली प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं, सगळीकडे बातमी होती. त्याच वर्षी स्विगीने उलट बाहेरच्या कामाला परवानगी देणारं धोरण आणलं, म्हणजे कंपनीगणिक वेगळं. मी माझ्या एचआरला सरळ मेल टाकला होता, ऑफिसच्या वेळेबाहेर, ऑफिसच्या क्लायंटशी संबंध नसलेलं, स्वतःच्या लॅपटॉपवर पॅकेजिंगचं काम करते, हरकत आहे का. आठ दिवस पोटात धडधड. उत्तर आलं दोन ओळींचं, हरकत नाही, फक्त वरच्या अटी पाळा. तो मेल मी अजून जपून ठेवलाय. सरकारी नोकरीत असशील तर गोष्टच वेगळी, तिथे वर्तणूक नियम आहेत, मंजुरीशिवाय हात लावायचा नाही.

याचा रेटशी संबंध काय? आहे ना. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या लायसन्सवर काम करणार असशील तरच तुला ते स्वस्तात परवडतं, आणि तेच करायचं नाहीये. वर क्लायंट दुपारी दोनला फोन करतो, तू जिन्यात जाऊन कुजबुजत बोलतोस, सगळ्या ऑफिसला समजतं. मी कोटेशनमध्येच लिहिते, फोन रात्री ८ ते ९, बाकी वेळ मेसेज करा. अर्जंट कामाचा जास्त रेट वगैरे मी ठेवतच नाही, कारण अर्जंट म्हणजे रजा, आणि वर्षाच्या मोजक्या रजा कोणाच्या तरी नमकीनसाठी नाही जाळत मी. तुझ्याने राहवत नसेल तर निदान दुप्पट लाव. या ३६ तासांना तारीख देताना पण दोन आठवडे सांगू नको, सहा आठवडे सांग. दिवाळीला माल बाजारात पाहिजे असेल तर त्याने तुला पोळ्याच्या आत सांगायला हवं होतं, छपाईलाच किती दिवस जातात.

टॅक्स. इथे लोक एकतर घाबरतात नाहीतर विसरतात. तुझा पगार वर्षाला ४ लाख ८ हजार, वर समज ३ लाख कमावलेस, तर २०२५-२६ च्या नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्सची माफी, असल्यामुळे तुला टॅक्स शून्य. रेटमध्ये काही धरायची गरज नाही. पण तुझ्या सीनियरचा हिशोब बघ, पगार साडेअकरा लाख, ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १०.७५, टॅक्स शून्य. त्याने खर्च वजा जाता ३ लाख फ्रीलान्सचे कमावले की उत्पन्न १३.७५ लाख, रिबेट गेला, टॅक्स लागतो सेससकट ८९,७००. म्हणजे ३ लाखांतले जवळपास ३० टक्के गेले, आणि त्याला वाटत होतं की आपण १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहोत. १२ लाखांच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने रेट ठरवताना हे आधी बघावं, मग क्लायंट शोधावा.

बाकी पटकन सांगते. फ्रीलान्सचं उत्पन्न आलं की आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, चालत नाही. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ४४ एडीए कलमात आलेल्या पैशांतलं निम्मंच उत्पन्न म्हणून दाखवून मोकळं होता येतं असं तुला कोणीतरी सांगेल, त्या यादीत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, टेक्निकल कन्सल्टन्सी हे आहेत, ग्राफिक डिझाइन असं सरळ नाव नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही, खरी बिलं ठेवते आणि आयटीआर-३ भरते. एका पार्टीकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेलं तर ती १० टक्के टीडीएस, म्हणजे टॅक्स आधीच, कापू शकते, ते कुठे जात नाही, रिटर्न भरल्यावर तुझ्यासारख्याला परत येतं, पण तोवर हातात कमी आले म्हणून रडू नको. टीडीएस जाऊन १० हजारांच्या वर टॅक्स निघत असेल तर अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा, नाहीतर व्याज लागतं. आणि जीएसटी, सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, यात पगार मोजत नाहीत. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, शेटजीने कितीही "पक्का बिल" म्हटलं तरी.

पैसे वेळेवर येणं हा पण रेटचाच भाग धर. ४५ हजार सहा महिन्यांनी आले तर ते ४५ नसतात. निम्मे आधी, चौथाई डिझाइन मंजूर झाल्यावर, उरलेले फायनल फाईल देण्याआधी. देण्याआधी. मी एकदा फाईल आधी दिली आणि मग पैशांसाठी इतवारीत गेले, नेमकी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, बावळट मी, सगळे रस्ते बंद, ढोल-ताशे, पिवळी मारबत समोरून जाऊन राहिली, लोक ओरडून राहिले "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", आणि मी गर्दीत उभी राहून मनात म्हणते की माझी उधारी पण घेऊन जा बाई. ते पैसे दिवाळीनंतर आले, ८ हजारांतले साडेसहा.

त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली, आधार आणि पॅनवर होते, फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर तो दलाल समज. तिचा फायदा असा की सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, २००६ चा कायदा आहे. आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ४३ बी एच हे कलम आलं, त्यामुळे मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. व्याजाला कोणी घाबरत नाही, पण हे वाक्य त्यांच्या सीएला बरोब्बर समजतं. मी बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि एक ओळ टाकते, बस. भांडण कधी केलं नाही.

नातेवाईक आणि मित्र, एकतर पूर्ण पैसे नाहीतर पूर्ण फुकट. अर्ध्या पैशात केलेल्या कामावर मावसभाऊ दुप्पट बदल सांगतो. फुकट करत असशील तरी बिल पूर्ण रकमेचं बनव आणि खाली १०० टक्के सूट लिही, म्हणजे तो ज्याला तुझं नाव सांगेल त्याला आकडा पण सांगेल.

आणि हा हजारचा रेट काही कायमचा नाही. नवीन पार्टीला आधी वाढवून बघायचं, जुन्यांना एप्रिलमध्ये, दोन महिने आधी सांगून. मी बघते, पाच कोटेशनपैकी पाचही जण एका दमात हो म्हणाले की समजायचं आपण कमी सांगून राहिलो. दोघे-तिघे हो म्हणाले, एकाने भाव केला आणि एक गायब झाला तर बरोबर आहे.

तर आता शेटजीला मेसेज टाक. फोनवर आकडा सांगू नको, फोनवर तू लगेच ढिला पडशील. असा टाक: "शेटजी नमस्ते. लोगो १५,०००, मुख्य पाऊच १७,५००, बाकी ५ फ्लेवर १२,५००, टोटल ४५,०००. दो बार बदल इसी में. ५०% अॅडव्हान्स, ६ हफ्ते. लोगो अभी नहीं चाहिए और दो फ्लेवर से शुरू करना हो तो २०,०००, उसमें ३ हफ्ते." यात "थोडं जास्त वाटेल पण", "आपण बघून घेऊ", "तुम्ही सांगा" असलं काही लिहायचं नाही. पाठवला की फोन उलटा ठेव. त्याचं उत्तर दोन दिवस येणार नाही, तेव्हा घाबरून दुसरा मेसेज टाकू नको की ३५ मध्ये करून देतो म्हणून, माझ्याकडून हे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा समोरचा फक्त लग्नाला गेला होता.

आणि हे सगळं रात्री घरून कर, ऑफिसच्या वायफायवरून नको.